पाणी ‘पिण्यास योग्य’, पण बुरशी कुणी पाहिली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून एक ठरावीक बातमी येते. नळाच्या पाण्याला कुबट वास, तोटीच्या आत काळा बुळबुळीत थर, पिंपाच्या तळाशी तरंगणारे तंतू. लोक ओरडतात, नमुने घेतले जातात आणि आठवडाभरात खुलासा छापून येतो, की नमुने तपासले, पाणी पिण्यास योग्य आहे. यावर चौकात एकच प्रतिक्रिया असते : खोटं बोलतात मेले. मला तसं वाटत नाही. ज्या तपासण्या केल्या त्यांत ते पाणी बहुतेक वेळा खरोखरच पास झालेलं असतं. तो काळा थर कसला, हे मात्र त्या तपासण्यांत कुणी विचारलेलंच नसतं.

मी सोलापूरची. एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. रक्त, लघवी, थुंकी यांच्या गर्दीत पाण्याच्या बाटल्या शेवटी उरायच्या, आणि नव्या मुलींना त्याच हाती दिल्या जायच्या. त्यामुळे पाण्याच्या अहवालात काय असतं आणि काय नसतं, हे मी सांगू शकते.

असतं ते हे : गढूळपणा, शिल्लक क्लोरीन, कोलिफॉर्म जिवाणू आणि ई. कोलाय. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक म्हणजे आयएस १०५००, त्याची २०१२ची आवृत्ती. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. सापडला याचा अर्थ पाण्यात मैला मिसळलाय, आणि मैल्याबरोबर कॉलरा, कावीळ, विषमज्वर, काहीही येऊ शकतं. ही तपासणी जीव वाचवणारी आहे, तिला कुणी कमी लेखू नये. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुलेन बारे सिंड्रोम या हातापायांतलं बळ घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय आधी पाण्यावर गेला. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ केंद्रं सगळ्यांचं पाणी तपासलं गेलं. जिवाणू आधी, हा क्रम बरोबरच आहे.

पण जिवाणूंसाठी लावलेल्या तपासणीत बुरशी दिसेल कशी? कोलिफॉर्मच्या नळ्या ३७ नाहीतर ४४ अंशांना ठेवतात आणि २४ ते ४८ तासांत वाचतात. बहुतेक बुरशींना २५ अंशांच्या आसपासची ऊब लागते, वेगळं खाद्य लागतं, आणि वाढायला पाच ते सात दिवस लागतात. ती डोळ्यांना दिसण्याजोगी होईपर्यंत अहवालावर सही होऊन नळ्या निर्जंतुक करून धुऊन ठेवलेल्या असतात. क्वचित जंतू वाढवायच्या खाद्याची एखादी प्लेट कोपऱ्यात राहून जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्यावर हिरवट काळी लव उगवते. अशा वेळी प्रयोगशाळेत तिला एकच नाव असतं, कंटॅमिनेशन. म्हणजे हवेतून पडलेली, आमची बेफिकिरी, फेकून द्या. पुष्कळदा ते खरंही असतं, कारण बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. म्हणून तर बुरशीची चाचणी करताना सोबत निर्जंतुक पाण्याची एक कोरी प्लेट लावावी लागते. कोरी प्लेट स्वच्छ राहिली आणि नळाच्या पाण्याची भरून गेली, तर दोष हवेचा नाही एवढं तरी पक्कं होतं. पण ही जोडी लावायला कुणी सांगितलंच नाही तर कोण लावणार?

आणि सांगणार कोण? आयएस १०५०० मध्ये बुरशीसाठी आकड्यात बांधलेली मर्यादाच नाही. गंमत बघा, दुकानात जी पाण्याची बाटली मिळते तिच्यासाठी वेगळं मानक आहे, आयएस १४५४३. त्यात यीस्ट आणि बुरशी २५० मिलिलिटरमध्ये असता कामा नये असं स्पष्ट लिहिलंय. देश एक, मानकं ठरवणारी संस्थाही एकच. पैसे मोजून घेतलेल्या पाण्यात बुरशीचा एक कणही चालत नाही, आणि नळाला येणाऱ्या पाण्यात ती किती असावी याची चौकशीच नाही. बाटलीतलं पाणी महिनोन्‌महिने बंद राहतं, साठवणीत बुरशी वाढते, म्हणून ती अट, असं यावर कुणी म्हणेल. मान्य. मग आमच्या घरातलं पाणी काय वाहतं असतं?

सोलापूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा. उजनी धरणातून लांबच्या नळाने पाकणीला, भीमेतून टाकळीच्या उपशाने सोरेगावला, थोडं हिप्परग्याच्या तलावातून. ते शुद्ध होऊन शहराच्या टाक्यांत चढतं आणि मग भागाभागाने सुटतं. पाण्याच्या दिवशी घरात दुसरं काम नसतं. चावीवाल्याने चावी फिरवली की आधी हौद, मग गच्चीवरची सिंटेक्सची टाकी, मग पिंपं, घागरी, कळशा, शेवटी बादल्या आणि पातेली. पुढचे चार दिवस हेच पाणी पुरवून वापरायचं. म्हणजे शुद्धीकरण केंद्र कितीही चांगलं चाललं तरी आमच्या पोटात जाणारं पाणी असतं आमच्याच घरात शिळं झालेलं.

त्यात क्लोरीनचं काय होतं पाहा. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक हवा. तो नळाशी असेलही. पण क्लोरीन हा उडून जाणारा पदार्थ, ऊन आणि उष्णता त्याचे वैरी. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३वर असतो, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. दुसऱ्या दिवशी त्यात क्लोरीन शोधून सापडत नाही. तळाशी गाळ असतो, कडेला बुळबुळीत थर असतो, आणि झाकण बहुतेक घरांत फुटलेलं नाहीतर वाऱ्याने उडून शेजारच्या गच्चीवर गेलेलं असतं. इतक्या गरम पाण्यात बुरशी काय जगणार, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते : ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी ५० अंशांच्या पुढेही वाढू शकते. आमचा मे महिना तिला मानवतो.

शिवाय क्लोरीन बुरशीला जिवाणूंइतका लवकर मारत नाही. ई. कोलाय थोड्याशा क्लोरीनने काही मिनिटांत संपतो. बुरशीच्या बीजाणूंचं कवच जाड, आणि काळ्या जातींच्या कवचात मेलॅनिन असतं, म्हणजे आपल्या कातडीत असतं त्याच जातीचं रंगद्रव्य. त्यांना जास्त क्लोरीन आणि जास्त वेळ, दोन्ही लागतं. म्हणून पाण्यात ई. कोलाय शून्य आणि बुरशी भरपूर, हे एकाच बाटलीत सहज घडू शकतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००६ साली तिथल्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यातली बुरशी मोजून प्रसिद्ध केली. त्यांना पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा आणि ॲस्परजिलस सगळ्यांत जास्त सापडल्या, आणि जमिनीखालच्या पाण्यापेक्षा तलाव-नद्यांवरून येणाऱ्या पाण्यात अधिक. आमचं पाणी जवळपास सगळं असंच, धरणाचं नाहीतर नदीचं. स्वीडनने २००१च्या आपल्या नियमांत बुरशीला आकडा दिला : नळाच्या १०० मिलिलिटर पाण्यात बुरशीच्या शंभराहून अधिक वसाहती, म्हणजे प्लेटवरचे ठिपके, उगवल्या तर कारण शोधायचं. कारण शोधायचं, पुरवठा बंद करायचा असं नाही. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते. आकडा घाबरवण्यासाठी ठेवलेला नाही, नळात कुठेतरी थर साचलाय हे कळावं म्हणून ठेवलाय.

आता घरातली एक गोष्ट, जी कुठल्याच अहवालात येणार नाही. सोलापूर टॉवेलचं गाव. कारखान्यातल्या चिंध्या, टेरी टॉवेलचे तुकडे घरोघरी असतात आणि त्यांचा एक ठरलेला उपयोग म्हणजे नळाच्या तोटीला बांधायचं फडकं. गाळ अडतो, आळ्या अडतात, डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं. हे फडकं एकदा बांधलं की फाटेपर्यंत सुटत नाही. ते चोवीस तास ओलं, त्यात गाळ, वर सुती धागा. बुरशीला सुती धागा आवडतो, तो पचवायची ताकद तिच्यात असते. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत त्या फडक्यावर काळे ठिपके पाहिलेत, आणि त्यातूनच गाळलेलं पाणी देवाला आणि पाहुण्याला. फडकं बांधू नका असं मी म्हणत नाही. पाण्याच्या दिवसापुरतं बांधा, मग उकळत्या पाण्यातून काढा आणि उन्हात खडखडीत वाळवा. मोटारीच्या रबरी पाइपचंही तेच. तो ओला गुंडाळून जिन्याखाली टाकतात आणि चार दिवसांनी थेट हौदात सोडतात. पाइपच्या आत एकदा बॅटरी लावून बघा, एवढंच सांगते.

आमच्या इमारतीचा जमिनीखालचा हौद मागच्या वर्षी उघडला. लोखंडी झाकण गंजून कडेला सडलेलं, त्या फटीतून पावसाचं पाणी आणि शेजारच्या झाडाचा पालापाचोळा आत. छताच्या आतल्या बाजूला, जिथे पाणी कधी पोचत नाही फक्त दमट हवा असते, काळे मखमली डाग पसरलेले. खालचं पाणी नितळ होतं. चिटणीस म्हणाले, ‘ताई, पाणी तर आरशासारखं आहे, कशाला खर्च?’ मग त्या छतावर बोट फिरवून दाखवलं. पाणी उपसून भिंती, तळ आणि छत ताराच्या ब्रशने घासले, ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी मारून ठेवलं, धुतलं, झाकण नवं केलं. एवढं सगळं सुट्टीच्या एका दिवसात झालं. हौदात माणूस उतरवण्याआधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आणि वर एक माणूस उभा ठेवा. ब्लीचिंग पावडर ताजी घ्या, कारण ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि दमट कोनाड्यात उघडी राहिलेली पिशवी चुन्याच्या भुकटीपेक्षा फारशी वेगळी उरत नाही. गावाकडे ग्रामपंचायतीत काम केलेल्या कुणालाही टीसीएलची, म्हणजे याच ब्लीचिंग पावडरीची, ही रड माहीत आहे.

एवढं वाचून कुणी घाबरलं असेल तर थांबा. धडधाकट माणसाने बुरशीचे काही बीजाणू पाण्यातून गिळले तर सहसा काही होत नाही. पोटातलं आम्ल आहे, प्रतिकारशक्ती आहे, आणि तेवढे बीजाणू आपण रोज श्वासातून घेतोच. पाण्यातून बुरशीची विषं येतात का, असंही विचारतात. पाण्यात ती इतकी पातळ होतात की धान्यातल्या विषाशी तुलना होत नाही. मात्र १९९७ साली ब्रिटिश संशोधकांना साठवणीच्या एका टाकीतल्या पाण्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी आणि तिचं विष अफ्लाटॉक्सिन, दोन्ही सापडली होती. तीही साठवणीचीच टाकी होती, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची लाट आली तेव्हा नळाच्या पाण्यातून काळी बुरशी येते असे संदेश इथल्याही प्रत्येक मोबाइलवर फिरले. ते तसं नव्हतं. म्युकर माती, सडका पाला, हवा यांतून श्वासावाटे जाते, आणि तेव्हा अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांनी तिला रस्ता मोकळा करून दिला. पण त्याच महिन्यात आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, काढलेल्या सूचनांत पाण्याबद्दलही एक ओळ होती : ऑक्सिजन लावताना त्याला ओल देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत स्वच्छ निर्जंतुक पाणी वापरा. ही ओळ माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे. पिणाऱ्याच्या पोटातलं पाणी वेगळं, आणि बुडबुडे होऊन आजारी माणसाच्या फुफ्फुसात जाणारं पाणी वेगळं. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेली, औषधाचा बारीक फवारा देणारं नेब्युलायझर वापरणारी कुटुंबं आता गल्लोगल्ली आहेत. त्यांतली किती त्या बाटलीत नळाचं पाणी भरतात, हे एखाद्या आशाताईला विचारा.

खरा धोका तिथे आहे, पेल्यात नाही. केमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड बसवलेला, अस्थिमज्जा बदललेला, महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारा रुग्ण. अशांसाठी रुग्णालयाची टाकी, शॉवर आणि नळाची जाळी या तीन जागा धोक्याच्या. अमेरिकेतल्या आर्कान्सास राज्यात एका रुग्णालयातल्या पाण्याच्या व्यवस्थेचा तीन वर्षं अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात ॲस्परजिलस सापडली, आणि रुग्णांच्या न्हाणीघरांतल्या हवेत ती इतर जागांपेक्षा जास्त होती. त्याच गटाने पुढे दाखवलं, की शॉवरच्या जागेची फरशी आणि भिंती वापराआधी धुऊन पुसल्या तर हवेतली बुरशी कमी होते. महागडं यंत्र नाही, परदेशी गाळणी नाही, फडकं आणि जंतुनाशक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. त्या एकोणीस नावांतल्या सगळ्यांत वरच्या गटात चार आहेत आणि मघाची ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यांतली एक.

भीती वाढली की ती विकणारेही येतात. आमच्या जिन्यात एक तरुण विक्रेता पाणी शुद्ध करायचं यंत्र घेऊन आला होता. दोन पेल्यांत विजेच्या सळया बुडवल्या. नळाच्या पाण्याचा पेला बघता बघता तपकिरी, चिखलासारखा झाला, त्याच्या पाण्याचा तसाच राहिला. बायका हबकल्या. ‘ही बघा तुमच्या पाण्यातली बुरशी,’ म्हणाला. ती सळईच्या लोखंडाची राड होती, बाळा. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड विरघळतं, क्षार काढून टाकलेल्या पाण्यात वीजच वाहत नाही. चिमूटभर मीठ त्याच्या पेल्यात टाकलं आणि परत सळया लावायला सांगितलं. लावल्या नाहीत. हेही लक्षात असू द्या, की घरच्या यंत्रातली कोळशाची गाळणी क्लोरीन काढून टाकते, आणि यंत्राच्या पोटातल्या टाकीत क्लोरीन नसलेलं पाणी पडून राहतं. गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत तर ते यंत्रच एक छोटा हौद होतं.

आणि कुबट वास आला की ती बुरशीच, असंही नाही. उजनीच्या पाण्यात पुणे-पिंपरी चिंचवडकडून येणाऱ्या सांडपाण्याचं खत असतं, त्यावर निळंहिरवं शेवाळ माजतं. ओल्या मातीसारखा तो वास बहुधा या शेवाळाच्या आणि ॲक्टिनोमायसिटिस जिवाणूंच्या जिओस्मिनचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. अंदाजावर भांडण्यापेक्षा तपासून बघितलं तर प्रश्न सुटतो, आणि तपासणं अवघड नाही. १०० मिलिलिटर पाणी गाळणीच्या पातळ पडद्यातून ओढायचं, तो पडदा जिवाणूंना अडवून बुरशी वाढू देणाऱ्या रोझ बेंगॉल क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर ठेवायचा, २५ अंशांना सात दिवस. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयात हे होऊ शकतं. आमच्या विद्यापीठात आणि इथल्या महाविद्यालयांत एम.एस्सी.ची मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत फिरतात. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा, शुद्धीकरण केंद्र, शहरातली उंच टाकी, शेवटचा नळ आणि त्याच घरातलं चार दिवसांचं पिंप, अशा चार टप्प्यांचे नमुने त्यांच्याकडून तपासून घ्या. बुरशी कुठल्या टप्प्यावर वाढते ते शहराला कळेल. माझा अंदाज पिंपाकडे आहे. तो चुकीचा ठरला आणि आकडा नळावरच वाढलेला निघाला, तर रस्त्याखालच्या वाहिन्या कुठे उघडून धुवायच्या हेही ठरवता येईल.

रुग्णालयांनी मात्र विद्यार्थ्यांची वाट पाहू नये. अतिदक्षता, कर्करोग आणि डायलिसिस विभागांना पाणी देणाऱ्या टाक्यांची बुरशीची तपासणी नियमितपणे व्हावी, आणि टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख टाकीवर रंगवावी.

आपल्या बातमीदारांकडे एक मागणी आहे. यापुढे ‘पाणी पिण्यास योग्य’ असा खुलासा कुणीही पाठवला, तर तो छापण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. नमुना नळावरचा की टाकीवरचा, पाणी सुटल्यावर किती वेळाने घेतला, त्यात शिल्लक क्लोरीन किती होता, आणि प्लेट किती दिवस ठेवली. उत्तरं आली तर ती बातमीतच छापा, आणि आली नाहीत तर तेही छापा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
विजापूर रोड, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)